52 वजा 27 बरोबर 35?

प्रश्न : सरकारी प्राथमिक शाळेत आठवड्यातून दोनदा तासभर तिसरीच्या मुलांचं गणित घ्यायला जाते. 52 मधून 27 वजा करायला दिले की निम्मी मुलं 35 लिहितात. हातच्याचा नियम पाठ आहे, तरीही! काय करावं?

उत्तर : 35 हे उत्तर अंदाजपंचे येत नाही. 2 मधून 7 जात नाहीत, म्हणून मुलं उलटं करून 7 मधून 2 काढतात. नियम पुन्हा सांगून हे सुटणार नाही.

चार मुलांमागे 60 काड्या आणि सहा रबरबँड द्या. दहाचे गठ्ठे मुलांनाच मोजून बांधू द्या. आयता गठ्ठा त्यांच्या लेखी ‘एक’च वस्तू राहतो. पाच गठ्ठे, दोन सुट्या मांडून 27 मागा. सात सुट्या नाहीत म्हटल्यावर कुणीतरी रबर काढतंच. तिथे गप्प राहा. आता चार गठ्ठे, बारा सुट्या. लगेच पाटीवर 5 खोडून 4, 2 च्या जागी 12. काड्या आणि लेखन एकाच वेळी हवं, नाहीतर दोन्ही वेगळेच खेळ होतात. मग 40 वजा 16 द्या. शून्यापाशी पुन्हा अडतील.

वर्गशिक्षक ‘हातचा’ म्हणतात की ‘दशक सुटा करणे’, ते आधी विचारा. तोच शब्द वापरा.