वीज, वणवा आणि जमातीचं जंगल: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या ईशान्येला कॉलव्हिल रिझर्वेशन आहे, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी जमातींसाठी राखून ठेवलेला प्रदेश. १४ लाख एकर जमीन, १२ जमाती एकत्र, आणि त्यातला मोठा भाग जंगल. तिथल्या विजेने लागणाऱ्या वणव्यांवर तुमचे बरेच प्रश्न आलेत, त्यातले काही घेतो.

वीज पडते तेव्हा पाऊसही पडतोच ना? मग आग टिकते कशी? (नाशिक)

आपल्याकडे पडतो हो, वळवाचा धो धो. तिकडे जुलै-ऑगस्टमध्ये ढगाचा तळ खूप उंचावर असतो आणि खालची हवा इतकी कोरडी की थेंब जमिनीवर यायच्या आत हवेतच विरून जातात. म्हणजे गडगडाट होतो, सोसाट्याचा वारा सुटतो, विजा पडतात आणि जमीन मात्र कोरडी ठाक. अडीच मिलिमीटरच्या आत पाऊस असेल तर तिकडे त्याला ड्राय लायटनिंगच म्हणतात. आणि प्रत्येक वीज आग लावतेच असं नाही, बऱ्याचशा नुसतं झाड फोडून जातात, पण काहींमध्ये करंट जरा जास्त वेळ वाहत राहतो (जास्त म्हणजे सेकंदाचा छोटासा भाग) आणि तेवढं पुरतं. २०२१ चं उदाहरण घ्या. जूनच्या शेवटी भयानक उष्णतेची लाट आली, राज्यात काही ठिकाणी पारा ४८ च्या वर गेला, जंगल आधीच वाळून कडकडीत झालेलं, आणि १२ जुलैला विजांचं वादळ आलं. त्या एका दिवसात नेस्पेलेम गावाजवळ च्युविया क्रीकचा आणि तिकडे डोंगरात समिट ट्रेलचा, असे दोन मोठे वणवे सुरू झाले. गाव रिकामं करावं लागलं, काही घरं जळाली. जमातीच्या कौन्सिलने रिझर्वेशन बाहेरच्यांना बंद केलं, लाकूडतोडही थांबवली.

आग कळते कशी आणि पहिल्यांदा नक्की काय करतात? (सातारा)

वीज कुठे पडली हे सेन्सरच्या नेटवर्कवर लगेच दिसतं, पण ठिपका दिसला म्हणजे आग दिसली असं नाही. वीज झाडाच्या बुंध्यातून मुळाशी जाते आणि पानांच्या जाड थरात निखारा धुमसत बसतो, कधी दोन दिवस तर कधी दोन आठवडे. मग एखाद्या दुपारी वारा सुटला की धूर वर येतो. म्हणून वादळानंतरचे कितीतरी दिवस टॉवरवरून, विमानातून नजर ठेवावी लागते. धूर दिसला की माउंट टोलमनच्या फायर सेंटरवरून क्रू निघतो. सगळी लढाई या पहिल्या काही तासांत असते, एक-दोन एकरात धरली तर चार-सहा माणसं पुरतात आणि सुटली तर हजार माणसंही कमी पडतात.

काम म्हणाल तर अगदी अंगमेहनतीचं. एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळ असं पुलास्की नावाचं हत्यार असतं, १९१० च्या महावणव्यात आपली माणसं वाचवणाऱ्या रेंजरच्या नावावरून पडलेलं नाव. त्याने पालापाचोळा, मुळं सगळं खरवडून खालची माती उघडी करायची, आपल्या वनखात्याची जाळरेषा असते तसंच. आग विझल्यावर हातमोजा काढून राखेवर हात फिरवायचा, गरम लागलं की परत खणायचं. आणि सगळ्यात धोका वीज पडलेल्या त्या झाडाचाच, आतून जळत असतं आणि न सांगता कोसळतं.

विमानातून पाणी टाकून एकदम विझवत का नाहीत? टीव्हीवर तर दाखवतात! (ठाणे)

टीव्हीवर छान दिसतं ते. विमानं टाकतात तो लाल द्राव आग विझवत नाही, तिचा वेग कमी करतो, म्हणजे खालच्या माणसांना रेषा काढायला वेळ मिळतो. खाली माणसंच नसतील तर विमान गेल्यावर आग आपली पुढे चालू.

जमीन जमातीची, मग आग विझवायची जबाबदारी सरकारची की त्यांची? (नागपूर)

हा खरा प्रश्न. जमीन ट्रस्टमध्ये आहे, म्हणजे कागदावर मालकी केंद्र सरकारकडे आणि हक्क जमातीचा, त्यामुळे कायद्याने जबाबदारी सरकारचीच. १९७५ च्या कायद्याने जमातींना ही कामं करारावर स्वतःकडे घेता येतात आणि अनेकांनी घेतलीत. पण पैसा? १९९० च्या कायद्यानुसार दर दहा वर्षांनी तज्ज्ञांची स्वतंत्र टीम जमातींच्या जंगलांचा हिशोब मांडते, आणि तिचं म्हणणं असं की सरकारी नॅशनल फॉरेस्टला एकरी जेवढं मिळतं त्याच्या साधारण एक तृतीयांशच यांच्या वाट्याला येतं.

त्यात अजून एक भानगड. एकाच वेळी पन्नास आगी लागल्या की क्रू आणि हेलिकॉप्टरं कुठे आधी पाठवायची याचा क्रम प्रत्यक्षात बहुधा असा असतो, आधी जीव, मग घरं, मग जंगल. ऐकायला बरोबरच वाटतं. पण ऑगस्ट २०१५ मध्ये देशभर इतक्या आगी होत्या की सैनिक बोलवले, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून माणसं आली, आणि त्या मोसमात कॉलव्हिलचं अडीच लाख एकरांच्या आसपास जळालं. आता शहरातल्या माणसाला झाड म्हणजे झाड, पण या लोकांचं जंगल म्हणजे त्यांची एफडी आहे हो, लाकडातून शाळा-दवाखान्याला पैसा येतो, हरणं, हकलबेरी (एक रानफळ), कंदमुळं, औषधं सगळं तिथलंच. घराला विमा असतो, पुन्हा बांधता येतं, शंभर वर्षांचा पाइन कोण बांधून देणार? माझ्या मते हा क्रम ठरवताना जमातीचा माणूस टेबलावर हवाच, नंतर कळवून काय उपयोग.

वीज तर निसर्गाचीच, मग जळू द्यावं की! (पुणे)

अर्धं बरोबर आहे तुमचं. तिथले पाँडेरोसा पाइन जाड सालीचे, जमिनीलगतच्या छोट्या आगी त्यांनी कायम सोसल्यात, आणि जमाती स्वतःही हकलबेरी आणि हरणांच्या चाऱ्यासाठी ठरवून आग लावायच्या. मग सरकारने ते बंद पाडलं, १९३५ पासून तर फॉरेस्ट सर्व्हिसचा नियमच होता की दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आत विझलीच पाहिजे. परिणाम काय, मोठ्या झाडांखाली कोवळ्या फरची दाटी झाली, आणि आता ठिणगी पडली की आग त्या फांद्या धरत थेट शेंड्यावर जाते. अशा जंगलात जुलैमध्ये जळू द्या म्हणणं धोक्याचं. आधी विरळणी करा, वसंतात किंवा थंड, ओलसर हवेत ठरवून जाळा, मग एखादी विजेची आग जळू देण्याइतकी मोकळीक मिळते. च्युविया क्रीकसारखी गावाशेजारची आग मात्र तेव्हाही विझवावीच लागेल.

मेळघाट, गडचिरोलीत विजेने वणवा लागतो का? (अमरावती)

क्वचित. आपले वणवे मुख्यतः फेब्रुवारी ते मेमधले आणि माणसाने लावलेले, मोहफुलं वेचायला जमीन साफ करताना, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून, नाहीतर कुणी फेकलेली विडी. त्यामुळे तिकडचा विजेचा नकाशा इथे फारसा कामाचा नाही, गावाशी बोलून हंगामाआधी जाळरेषा साफ करणं जास्त कामाचं. विजेने आपल्याकडे जंगलापेक्षा शेतातली माणसं जास्त मरतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप फोनवर टाका, जवळपास वीज पडायची शक्यता असली की ते सांगतं, आणि सांगितल्यावर झाडाखाली नाही, पक्क्या घरात जा.