कुलमुखत्यारपत्रावर विसंबून राहू नका

ताई, आपल्या यजमानांना अल्झायमरचे निदान झाले आहे, पाहुण्यांसमोर ते इतके व्यवस्थित बोलतात की सासरची मंडळी तुम्हीच अतिशयोक्ती करता असे म्हणतात, आणि पुढे बँकेची कामे अडू नयेत म्हणून आपण त्यांच्याकडून कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्यांच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद, करून घेण्याच्या विचारात आहात, हे वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. आपले हे दोन प्रश्न वेगळे दिसतात, पण आमच्या घरी ते एकाच टेबलासमोर येऊन अडकले. औषधांविषयी मी काही सांगणार नाही. बी-१२ आणि थायरॉईड तपासून झाले असेल (त्यांच्या बिघाडानेही विसरभोळेपणा येतो) असे धरून चालते. मी वकीलही नाही, त्यामुळे पुढचे सारे कोल्हापुरातल्या एका गृहिणीचा अनुभव म्हणून वाचावे आणि सही करण्यापूर्वी वकिलाला विचारावे.

पाहुण्यांसमोर नीट बोलणे हे सोंग नसते. या आजारात मेंदूतला नवी आठवण साठवणारा भाग बहुधा आधी खचतो. जुन्या आठवणी, बोलण्यातली अदब, ‘या, बसा, चहा घ्या’ ही ठरलेली वाक्ये आणि हाताला सवयीची झालेली सही पुष्कळ काळ टिकून राहते. आमचे यजमान सकाळी जेवले की नाही हे सांगू शकत नसत, पण खासबागेत तरुणपणी पाहिलेली कुस्ती डावासकट सांगत. तासभर असे सावरून बसल्यानंतर ते इतके थकत की संध्याकाळी चिडचिड आणि ‘मला घरी जायचे आहे’ हा धोशा ठरलेला असे, आणि तोवर पाहुणे गेलेले असत. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की शंका घेणाऱ्यांना चहाला न बोलावता दोन रात्री मुक्कामाला बोलवावे.

आता मुख्य गोष्ट. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, आणि निवृत्तिवेतनाचे खाते त्यांच्या एकट्याच्या नावावर. निदान झाल्यावर लगेच, त्यांना व्यवहार कळत होता तेव्हाच, माझे नाव खात्यात घालण्याचा अर्ज घेऊन आम्ही दोघे एका कार्यालयात गेलो. त्याचे नाव मी येथे घेणार नाही. तिथल्या साहेबांना यजमानांनी त्यांचे गाव विचारले, कुस्तीचा विषय काढला आणि पाच मिनिटांत त्यांना जिंकून घेतले. साहेब हसून म्हणाले, ‘काकू, काका तर ठणठणीत आहेत, घाई कसली? गरज लागेल तेव्हा बघू.’ अर्ज परत माझ्या हातात आला. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा दुसरे साहेब होते, आणि त्यांना ‘आधीच्या साहेबांची टिपणी’ हवी होती, जी कधी लिहिलीच गेली नव्हती.

पुढे सही बिघडली आणि धनादेश परत येऊ लागले. मग मी कुलमुखत्यारपत्र पुढे केले, तर यजमान मानसिकदृष्ट्या सक्षम असल्याचा डॉक्टरांचा दाखला मागण्यात आला. प्रामाणिक डॉक्टर तसा दाखला देणार कसा? त्यांनी खरे ते लिहून दिले, आणि त्याच कागदाच्या आधारावर खात्यातले व्यवहार थांबवण्यात आले. ज्या माणसाला कार्यालयाने आधी आजारी मानले नाही, त्यालाच मग आजारी आहे म्हणून स्वतःच्या पैशाला मुकावे लागले. शेवटची हरकत कायद्याने बरोबर होती, हे मला कबूल आहे. माझा राग परत केलेल्या त्या पहिल्या अर्जावर आहे, आणि तो अजून शमलेला नाही.

भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम २०१ नुसार अधिकार देणाऱ्याची बुद्धी सक्षम राहिली नाही की त्याने दिलेले मुखत्यारपण संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण तो कागद करतो, नेमक्या त्याच दिवशी तो निकामी होतो. त्याच्या जागी पालकत्व मिळवावे म्हटले, तर १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी पालक नेमण्याची तरतूद होती, ती २०१७ च्या कायद्यात राहिली नाही. त्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांबाबत साहाय्य करतो, बँकेत त्याचा उपयोग नाही. उरतो तो संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात अर्ज करण्याचा मार्ग. आम्हाला त्यासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठावी लागे आणि रात्री यजमानांजवळ कोण थांबणार हा प्रश्न प्रत्येक तारखेला नव्याने पडे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे बाहेरगावी बसणारे खंडपीठ, सुरू झाले आहे, हा आपल्याला मोठा आधार आहे. तरीही वैद्यकीय अहवाल, मालमत्तेची यादी आणि मुलांची लेखी संमती गोळा करण्यात वेळ जातोच.

म्हणून यजमानांना कळते आहे तोवर खाते संयुक्त करून ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ अशी सूचना नोंदवा. केंद्राच्या निवृत्तिवेतनाचे खाते पती-पत्नीच्या नावे असे ठेवता येते. वारस म्हणून नाव लावले आहे एवढ्यावर थांबू नका, कारण त्याचा उपयोग मृत्यूनंतर होतो. अर्ज तोंडी परत केला तर पोच मागा. पोच नाकारली तर तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा. अंगठा आणि दोन साक्षीदारांची सोय पुष्कळ जण सुचवतील, पण ती हात चालत नसलेल्या, मात्र सारे समजत असलेल्या माणसासाठी आहे. न समजणाऱ्या माणसाचा अंगठा घेऊ नये, मग नातेवाईक काहीही म्हणोत.

समज दिवसभर सारखी नसते. कागदाचे काम सकाळी, झोप चांगली झालेल्या दिवशी ठेवावे, आणि इच्छापत्र करायचे असेल तर त्याच दिवशीची डॉक्टरांची नोंद घ्यावी. दोन-तीन दिवसांत अचानक सगळे बिघडले तर आजार वाढला असे मानून मोकळे होऊ नका. लघवीतील संसर्गाने किंवा नव्या औषधाने असा गोंधळ होतो, आणि उपचारानंतर समज बरीचशी परत येऊ शकते.

नोव्हेंबरमधल्या हयातीच्या दाखल्यासाठी मात्र त्यांना कार्यालयात नेण्याची गरज नाही. २०२१ पासून ‘जीवन प्रमाण’ या हयातीच्या दाखल्याच्या सरकारी ऑनलाइन सोयीत फोनवर चेहऱ्यावरून ओळख पटवता येते. त्यात डोळ्यांची उघडझाप करावी लागते आणि समोर धरलेला फोन पाहून माणूस बावरतो, तेव्हा फोन ओळखीच्या माणसाच्या हाती द्यावा आणि आपण त्यामागे उभे राहावे.