रहस्य कळूनही वाचावासा वाटणारा मेग्रे

प्रश्न : बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार वाचत मी लहानाची मोठी झाले. सध्या फ्रेंचमध्ये लिहिणारे कादंबरीकार जॉर्ज सिमेनॉन यांच्या, पॅरिसचा पोलीस अधिकारी मेग्रे याच्यावरील मालिकेची इंग्रजी भाषांतरे वाचते आहे. त्यांत पाठलाग, मारामारी फारशी नसते, खुनी कोण हे पुष्कळदा मला निम्म्यातच कळते. तरीही एक पुस्तक संपले की लगेच दुसरे हाती घ्यावेसे वाटते. असे का होत असावे? ही पुस्तके क्रमानेच वाचावीत का?

उत्तर : खुनी दडवून ठेवण्यासाठी सिमेनॉन यांनी फारशी शक्ती खर्च केलेलीच नाही. १९३१ ते १९७२ या काळात त्यांनी मेग्रेच्या ७५ कादंबऱ्या लिहिल्या, शिवाय काही कथाही. आणि त्यांतील बहुतेकींत, खून कोणी केला यापेक्षा, चारचौघांसारखा जगणारा माणूस या थराला कसा गेला, हे मेग्रेला जाणून घ्यायचे असते. त्यासाठी तो मृताच्या घरी जाऊन बसतो, इमारतीच्या रखवालदारणीला बोलते करतो, कोपऱ्यावरच्या बारमध्ये पीत बसतो आणि तिथली माणसे कशी राहतात हे पुरते उमगेपर्यंत निष्कर्षाची घाई करत नाही.

पॅरिसच्या पोलीस मुख्यालयातील त्याची खोली, केंद्रीय तापनव्यवस्था आल्यावरही हट्टाने राखलेली जुनी शेगडी, पाइप, लांबलेल्या चौकशीच्या वेळी ब्रासरी दोफिन या उपाहारगृहातून मागवलेली बिअर आणि सँडविच, हे सारे वाचकाला इतके परिचयाचे होते की त्याचे लक्ष आपोआप नव्या घराकडे आणि नव्या माणसांकडे वळते. मात्र माझ्या मते खरी ओढ मेग्रेच्या अवघडलेपणाची आहे. तो सँ-फियाक्र गावच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याचा मुलगा. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून पोलिसात आलेला. वेश्या, नावाडी, भुरटे चोर यांच्यात तो सहज मिसळतो, पण उमरावांच्या किंवा बड्या उद्योगपतींच्या दिवाणखान्यात पाऊल टाकताच त्याला आपल्या जाडजूड देहाची आणि ओव्हरकोटाची जाणीव होऊ लागते, आणि त्या संकोचातूनच त्या घरातले खोटेपण वाचकाला आधी जाणवते. (उत्तरकाळातील काही कादंबऱ्या मात्र सवयीने लिहिल्यासारख्या वाटतात, हेही सांगायला हवे.)

क्रम पाळण्याचे कारण नाही, कारण तो लेखकानेच पाळलेला नाही. मालिकेच्या पहिल्याच कादंबरीत मारला गेलेला तोराँस हा मेग्रेचा सहकारी पुढच्या पुस्तकांत काहीच घडले नसल्यासारखा कामावर हजर असतो, आणि चार दशके उलटली तरी मेग्रेचे वय पन्नाशीच्या आसपासच घोटाळत राहते. आपण अद्याप वाचली नसेल, तर १९३२ची सँ-फियाक्र प्रकरणाची कादंबरी आता घ्यावी. तिच्यात मेग्रे जन्मगावी परततो, चर्चमध्ये पहाटेच्या प्रार्थनेच्या वेळी काउंटेस मरण पावते आणि वडिलांनी ज्या वाड्याची चाकरी केली, त्याच वाड्यात त्याला चौकशी करावी लागते.