किटिगन झिबीला निघण्याआधी: टॅक्स, घर, पाणी

तुम्हाला कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या किटिगन झिबी या अल्गॉन्क्विन आदिवासींच्या रिझर्व्हवर (म्हणजे त्यांच्यासाठी राखलेल्या जमिनीवर) आरोग्य केंद्रात नर्सची ऑफर आहे, लायसन्सचं काम झालंय, सोबत नवरा आणि सात वर्षांची मुलगी. रिझर्व्हवर टॅक्स नसतो म्हणतात, तर तिथेच घर घ्यावं का, असं विचारलंत.

टॅक्सचं आधी, कारण त्यावरच भलते हिशेब मांडले जातात. ती माफी कॅनडाच्या इंडियन ॲक्ट या आदिवासींबद्दलच्या कायद्याच्या कलम 87 ची आहे आणि ती स्टेटस कार्ड, म्हणजे त्या कायद्याखाली नोंद झालेल्या आदिवासींचं ओळखपत्र, असलेल्यांनाच मिळते. तुमच्या पगारातून कॅनडा सरकारचा आणि क्वेबेकचा, दोन्ही कर कापले जाणार. खरेदीवर कॅनडाचा 5 टक्के जीएसटी आणि क्वेबेकचा 9.975 टक्के क्यूएसटी हा विक्रीकरही लागणार. त्या कायद्यातले ‘इंडियन’ आपण नव्हेत. कायद्याचं नाव 1876 पासून तेच राहिलंय, पण समोरच्याला त्या नावाने हाक मारू नका. अनिशिनाबे किंवा अल्गॉन्क्विन म्हणा.

घर विकत मिळणार नाही. जमीन समाजाच्या वापरासाठी राखलेली आहे, वाटप बँड कौन्सिल (बँड म्हणजे तिथला आदिवासी समाज, त्याचं हे कारभारी मंडळ) करतं आणि घरं सदस्यांसाठी असतात. ऑफर लेटरमध्ये क्वार्टर लिहिलेलं असेल तर उत्तम, नाहीतर लागूनच असलेल्या मनिवाकीत भाड्याने बघा. क्वेबेकमधले बरेचसे भाडेकरार 1 जुलैला सुरू होतात, त्यामुळे ऐन हिवाळ्यात उतरलात तर घर शोधताना दमछाक होईल. मनिवाकी फ्रेंच बोलतं. रिझर्व्हवर इंग्रजीत भागतं; ‘क्वे’ म्हणजे नमस्कार आणि ‘मिग्वेच’ म्हणजे आभार, एवढं पहिल्याच दिवशी शिका.

मुलीची शाळा हा खरा पेच. स्थलांतरितांच्या मुलांना क्वेबेकमध्ये फ्रेंच शाळेतच जावं लागतं. वर्क परमिटवर असताना इंग्रजी शाळेसाठी तात्पुरती परवानगी मिळू शकते, पण जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि ती वाढवून मिळत नाही. ज्या भाषा कायद्यामुळे ही फ्रेंच शाळेची सक्ती आहे, तो रिझर्व्हला लागू नाही, तिथे बँडची स्वतःची शाळा आहे. मात्र ती त्यांच्या मुलांसाठी आहे. तुमच्या मुलीला घेतील का, हे सही करण्याआधी लेखी विचारा.

आता पाणी. इथल्या खडकातच युरेनियम आहे आणि ते विहिरी-बोअरच्या पाण्यात उतरतं. म्हणून कित्येक घरांना वर्षानुवर्षं बाटलीबंद पाणी पुरवावं लागलं. काही घरांना आता मनिवाकीहून नळ आलाय. क्वार्टर मिळालं तर पाणी कुठून येतं आणि शेवटची तपासणी कधी झाली, हे विचारा. कॅनडाची मर्यादा लिटरला 0.02 मिलिग्रॅम आहे. आपल्याला पाणी उकळून घ्यायची सवय, पण उकळून युरेनियम जात नाही. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं. यूव्हीचा फिल्टर जंतू मारतो, धातू काढत नाही; आरओ लागतो, तोही मेंब्रेन वेळेवर बदललं तरच. ‘उकळून प्या’ आणि ‘पिऊ नका’ या दोन वेगळ्या सूचना आहेत, दारावरचा कागद नीट वाचा. ‘पिऊ नका’ असेल तर आंघोळ, धुणी चालतात. पण चहा, वरण, कणीक भिजवणं, तांदूळ धुणं, सगळं बाटलीच्या पाण्यात. पाहुणे आले की याचाच विसर पडतो.

घराला सेप्टिक टाकी असेल तर तिच्या शोषखड्ड्यांवर गाडी लावू नका आणि तिथला बर्फही तुडवू नका. भुसभुशीत बर्फ पांघरुणासारखा असतो. दाबला की थंडी खाली उतरते, पाइप गोठतात आणि सांडपाणी घरात उलटतं.

सरकारी आरोग्य विमा सुरू व्हायला तीन महिन्यांपर्यंत लागू शकतात, तेवढ्यापुरता खासगी विमा घ्या. वर्क परमिट एकाच मालकाकडे काम करण्यापुरतं असेल तर सरकारी विम्यासाठी ते सहा महिन्यांहून जास्त मुदतीचं हवं. गाडीशिवाय जमणार नाही. भारतीय लायसन्स सहा महिने चालतं, मग लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा. 1 डिसेंबर ते 15 मार्च विंटर टायर सक्तीचे. तूरडाळ, पोहे, ज्वारीचं पीठ ओटावाहून महिन्याचं एकदम भरा; अंतर सुमारे 130 किलोमीटर, आणि संध्याकाळी 105 नंबरच्या रस्त्यावर हरणं आडवी येतात.

पावावला, म्हणजे आदिवासींच्या नाच-गाण्याच्या मेळाव्याला, बोलावलं तर जरूर जा. नाचणाऱ्यांच्या पोशाखाला ‘कॉस्च्युम’ म्हणू नका, विचारल्याशिवाय फोटो काढू नका, दारू तर मुळीच नेऊ नका.

ऑफर लेटरवरचं गावाचं नाव मात्र पुन्हा एकदा बघा. अल्गॉन्क्विन रिझर्व्ह बरेच आहेत. रॅपिड लेक असेल तर ते ओटावापासून सुमारे 300 किलोमीटरवर, जंगलात, आणि वीज डिझेल जनरेटरची. तिथे जवळ मनिवाकीसारखं गावच नाही, म्हणजे क्वार्टरशिवाय ऑफर घेऊच नका.