हील-टो शिकताना पाय कुठे चुकतो

माझदाची एमएक्स-5 स्पोर्ट्स कार घेतलीस, झकास! पण लगेच हील-टोच्या, म्हणजे उजव्या पायाने ब्रेक दाबतानाच ॲक्सिलरेटरला टिचकी मारून खालचा गिअर टाकण्याच्या, मागे लागू नकोस. आधी ब्रेक न लावता तिसऱ्यातून दुसऱ्यात ये: क्लच दाब, गिअर टाक, ॲक्सिलरेटरला टिचकी मार, क्लच सोड. गाडीने हिसका दिला नाही, म्हणजे आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) नव्या गिअरशी जुळले.

मग ब्रेक. टाच पार फिरवायची गरज नाही. चवडा ब्रेकवर, आणि पाऊल कलतं करून उजव्या कडेने टिचकी. या गाडीच्या सध्याच्या पिढीत ॲक्सिलरेटर खालून जमिनीला बसवलेला असतो, त्यामुळे सोपं जातं. टिचकी मारताना ब्रेकचा दाब कमी-जास्त होतो, सगळे इथेच अडकतात. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये सराव कर, पण इंजिन चालू ठेव. बंद इंजिनावर ब्रेक दगड होतो आणि पेडलच्या उंचीचा अंदाज चुकतो.

शहरात हलक्या ब्रेकला जमलं नाही तर खट्टू होऊ नकोस. जोरात दाबल्यावरच ब्रेक ॲक्सिलरेटरच्या पातळीला येतो. जाड तळव्याचे बूट मात्र घरीच ठेव.

आणि दुसरा टाकायची घाई नको, वेग उतरू दे. तिसऱ्यात 6,000 आरपीएमला दुसरा टाकून क्लच सोडलास तर इंजिन रेडलाइनच्या, म्हणजे सुरक्षित फेऱ्यांच्या मर्यादेच्या, पार जाईल, आणि तिथे एरवी फेरे रोखणारा रेव्ह लिमिटरही वाचवत नाही.