विमानावर वीज पडली तर काय होतं?

ताई, मुलगी जूनमध्ये जळगावहून पहिल्यांदाच विमानाने जाणार आणि वाटेत वीज पडली तर, ही तुमची काळजी आहे. मी यावल तालुक्यातला, गेली सतरा वर्षं प्रवासी विमानं चालवतो. माझ्या विमानावर चारदा वीज पडली आणि चारही वेळा आम्ही ठरलेल्या विमानतळावरच उतरलो.

त्यातली एक रात्र सांगतो. नागपूरला उतरत होतो. समोरच्या काचेवर निळसर-जांभळ्या रेषा फुटायला लागल्या, झाडाच्या मुळ्यांसारख्या. याला सेंट एल्मोचा अग्नी म्हणतात. त्याने काही जळत नाही, पण हवा विजेने भारलेली आहे हे कळतं. हेडफोनमध्ये खरखर वाढली. मी कॉकपिटचे सगळे दिवे लावले, कारण अंधाराला सरावलेल्या डोळ्यांसमोर वीज चमकली की काही क्षण समोरचे आकडेच दिसत नाहीत. तेवढ्यात विमानाच्या नाकावर पांढराफटक उजेड झाला आणि रिकाम्या पिंपावर काठी हाणावी तसा आवाज आला. झालं. इंजिनं चालू, समोरचे आकडे दाखवणारे पडदे चालू. उतरल्यावर लॉगबुकात नोंद केली. इंजिनिअरने टॉर्च मारून दाखवलं: नाकाजवळ नाण्याएवढा काळा डाग आणि पत्रे जोडणाऱ्या एका रिव्हेटचं डोकं वितळलेलं. तपासणी होईपर्यंत ते विमान हललं नाही.

वीज नाकातून किंवा पंखाच्या टोकातून शिरते, बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरून धावते आणि दुसऱ्या टोकाने निघून जाते. आतल्या माणसांपर्यंत ती येत नाही. बोइंग ७८७ सारख्या कार्बन फायबरच्या विमानात त्यासाठी तांब्याची बारीक जाळी बसवलेली असते. खरं तर बहुतेक वेळा भारलेल्या ढगाजवळ गेलेलं विमानच विजेला वाट करून देतं.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. ८ डिसेंबर १९६३ ला अमेरिकेत एल्कटनजवळ पॅन ॲम या विमान कंपनीच्या बोइंग ७०७ वर वीज पडली, टाकीतल्या इंधनाच्या वाफेने पेट घेतला आणि ८१ माणसं गेली. त्यानंतर टाक्यांच्या संरक्षणाचे नियम कडक झाले.

आम्ही घाबरतो ते ढगाला. त्यातल्या गारा आणि वरखाली आपटणारे झोत विजेपेक्षा फार वाईट. रडारवर लाल ठिपका दिसला की शक्यतो ३५-४० किलोमीटर लांबून वळसा घालतो. म्हणून उशीर झाला तर मुलीला सांगा, वैमानिक नीट काम करतोय.

माझा जीव खरा टांगणीला लागतो तो जमिनीवरच्या माणसांसाठी. वैशाखात सातपुड्यावर ढग चढले की मी आप्पांना फोन करतो: केळीत मोटार बंद करायला जाऊ नका, निंबाखाली थांबू नका. तुम्ही मुलीला सोडायला मोटारसायकलवर याल आणि गडगडत असेल, तर लगेच परत निघू नका. विमानतळाच्या इमारतीत बसा. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर अर्धा तास जाऊ द्या, मग निघा.