छपरातील फायबरचे जुने पत्रे : लेप द्यावा की बदलावेत?

प्रश्न : शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमची लहान फाउंड्री आहे. शेडच्या छपरात उजेडासाठी बसवलेले फायबरचे पन्हळी पत्रे पिवळे व खरखरीत झाले असून पावसाळ्यात काही ठिकाणी गळतात. पत्रे न बदलता त्यांवर पारदर्शक लेपाची फवारणी करावी, असे एका ठेकेदाराचे म्हणणे आहे. ते मानावे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पत्रा मुळात शाबूत असेल तरच मानावे. उन्हातील अतिनील किरणांमुळे पत्र्याच्या वरच्या थरातील रेझिन (काचतंतूंना धरून ठेवणारे प्लास्टिक) झिजते, आतले काचतंतू उघडे पडतात आणि तुमच्याकडची वाळूची धूळ व काजळी त्यांत रुतून बसते. लेपामुळे ही झीज मंदावते आणि तंतू झाकले गेल्याने उजेडही थोडा वाढतो. मात्र आतपर्यंत मुरलेला पिवळेपणा जात नाही आणि गेलेली ताकद परत येत नाही. तडकलेला किंवा ठिसूळ झालेला पत्रा बदलावाच लागतो.

गळती बऱ्याचदा जे-बोल्टच्या (पत्रा खालच्या सांगाड्याला धरणाऱ्या आकडेदार बोल्टच्या) भोकांतून आणि पत्र्यांच्या जोडांतून होते. तेथील कुजलेले वॉशर आधी बदलावेत, कारण पातळ लेप अशी भोके बुजवत नाही.

ठेकेदाराला लेपाचा प्रकार अवश्य विचारा. पॉलियुरेथेन या कृत्रिम रेझिनच्या लेपाचे दोन प्रकार असतात. अ‍ॅलिफॅटिक पॉलियुरेथेन उन्हात टिकते. अ‍ॅरोमॅटिक प्रकार स्वतःच पिवळा पडतो. पत्रे फायबरचे नसून पॉलिकार्बोनेटचे (एका पारदर्शक प्लास्टिकचे) असतील, तर थिनरने पुसणे टाळावे, त्याने बारीक तडे जातात. फवारणीपूर्वी सुटे तंतू घासून काढणे, पत्रा धुणे आणि पूर्ण वाळवणे ही कामे फवारणीपेक्षा अधिक वेळखाऊ आहेत, आणि घाईचा ठेकेदार नेमकी तीच उरकतो. कोल्हापूरच्या हवेत दिवाळीनंतर वळवाच्या आधीपर्यंतचा काळ सोयीचा. त्यातही सकाळचे दव सुकल्यावर, पण पत्रा तापण्यापूर्वी काम करावे.

त्या दिवशी भट्टी बंदच हवी, कारण लेपातील द्रावकाची वाफ पेट घेते. दोन घटकांच्या पॉलियुरेथेनमधील आयसोसायनेट या रसायनामुळे दमा जडू शकतो, म्हणून साधा कापडी मास्क चालत नाही. जुन्या फायबर पत्र्यावर तर कोणीही थेट पाय ठेवू नये. पर्लिनवर (पत्र्यांखालच्या आडव्या आधारांवर) टेकलेल्या फळ्या, खाली जाळी आणि कमरेला नव्हे तर पूर्ण अंगाला बांधायचा पट्टा, एवढी तयारी नसेल तर काम देऊच नये.

सर्व छपराचा सौदा करण्यापूर्वी दोन पत्र्यांवर लेप देऊन पाहा. तो पूर्ण सुकल्यावर त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्याने ओढा. पट्टीबरोबर लेप सुटून आला, तर पुढचे काम थांबवा.